तात्यांच्या म्हशीचं दूध

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते.

आमच्या शेजारचे तात्या रोज सकाळी बायकोचं लुगडं नेसून म्हशीची धार काढतात.

करमाडला त्यांचं आणि आमचं शेत बांधाला बांध लागून आहे. मी गाईखाली बसले की समोर तात्या दिसतात. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पदराखाली पांढऱ्या मिशा. हसू दिसू नये म्हणून मी गाईच्या पोटाला डोकं टेकते.

दोष म्हशीचा. पहिल्या वेतापासून तिला नर्मदाकाकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, हाताची सवय. त्यांचा मुलगा आणि सून दोघंही वाळूजला कारखान्यात कामाला, म्हणून काकू नातू सांभाळायला शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला गेल्या आणि इकडं म्हशीनं पान्हा चोरला. तात्यांनी ढेप चारली, गाणं म्हटलं, लाथ खाल्ली. शेवटी लुगडं नेसले. म्हशीनं वास घेतला आणि दूध सोडलं.

"मामला नाजूक हाय," तात्या म्हणाले. मोटर जळो, सर्दी होवो, लग्नाची पत्रिका येवो, ते हेच म्हणतात.

लुगड्याचा वास आठ दिवसांत उडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून काकू दर रविवारी सकाळी यायच्या, ते हिरवं लुगडं दिवसभर नेसायच्या, दोघं लिंबाखाली बसून शेंगा फोडायचे. मग लुगडं बदलून, नातवासाठी सकाळचं दोन लिटर दूध घेऊन काकू चारच्या बसनं परत.

मुलगा म्हणायचा, म्हैस विका आणि इकडंच या.

"तिथं मी काय करू? गॅलरीत बसून गाड्या मोजू?" तात्या म्हणायचे.

दिवाळीनंतर म्हैस आटली. गाभण म्हैस आटणारच. त्या शनिवारी तात्या किटली घेऊन बांधावर आले.

"सुनबाई, उद्या सकाळी दोन लिटर दे. दर ऐतवारी लागंल. पैसे म्हस व्याल्यावर."

ते चपलेनं ढेकूळ फोडत राहिले.

"म्हस आटली कळलं तर ती कशाला यायची? काकूला बोलू नको. मामला लई नाजूक हाय."

मी कुणाला बोलते? दर रविवारी दूध देत गेले. बाकीच्या दिवशी दूध नसतानाही तात्या ते लुगडं अंगावर घेऊन म्हशीजवळ बसायचे. तेव्हा मला हसू आलं नाही.

म्हैस व्याली, पारडी झाली. त्या रविवारी काकू बसला जाता जाता आमच्या गोठ्यात आल्या आणि कमरेची पिशवी काढली.

"सगळ्या ऐतवारचे पैसे, दोन-दोन लिटरचे. मोजून घे."

मी ओले हात पदराला पुसले.

"अगं, म्हशीच्या दुधावर पिवळी साय येती व्हय? मला पहिल्याच ऐतवारी कळलं."

"मग बोलला नाहीत?"

"बोलले असते तर इकडं यायला पोराला काय कारण सांगितलं असतं?" असं म्हणून त्या बसला गेल्या.

डेअरीचे पहिले पैसे आले तसे तात्या सकाळी धार काढून, लुगड्यातच, नोटा घेऊन बांधावर आले. खोटं बोलायलाही मला जमत नाही.

"तात्या, काकूंनी दिले."

"मामला..." ते म्हणाले आणि हिरव्या पदरानं तोंड पुसलं.

"पुरे दिले का?"

"पुरे," मी म्हणाले.