सिडारच्या आठ फळ्या

अनाक्लेतोच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, ते साल १९९६. त्याच फेब्रुवारीत चर्चचं छप्पर आणि बाकं करून द्यायला अमेरिकेहून बारा जणांचं मिशन सान लुकास या डोंगरातल्या गावात आलं. चर्चच्या पाळकांनी पाहुणे घरोघर वाटून दिले. अनाक्लेतोच्या घरी आला लोवेल, एक म्हातारा सुतार. इतका उंच, की खाटेबाहेर त्याचे पाय स्टुलावर ठेवावे लागत.

अनाक्लेतो तेव्हा मुलाच्या मळ्यावर कॉफी तोडायला गेला होता. घरी त्याची बायको इलारिया आणि नात मिर्ना. मिर्ना शाळेत थोडं इंग्रजी शिकली होती, म्हणून तीच दुभाषी.

पाहुण्याच्या खाटेच्या बरोबर वर, छपराच्या वाशांवर आडव्या, सिडारच्या सुवासिक लाकडाच्या आठ फळ्या होत्या. अनाक्लेतोने त्या स्वतःच्या शवपेटीसाठी सतरा वर्षांपूर्वी कापून वाळत घातल्या होत्या. दर उन्हाळ्यात तो त्या उलटवून ठेवी. वय बहात्तर, दोन हिवाळे खोकला हटलेला नव्हता. एका बाबतीत मात्र तो निश्चिंत होता.

तिसऱ्या सकाळी लोवेल खाटेवर उभा राहून फळ्यांवरून हात फिरवू लागला. "असं लाकूड आमच्याकडे आता बघायलाही मिळत नाही," मिर्नाने त्याचं बोलणं सांगितलं.

तव्यावरची तोर्तिया उलटत इलारिया म्हणाली, "तुमचंच आहे."

गावाची रीतच ती. पाहुण्याने वस्तू वाखाणली की घरच्यांनी ती देऊ करायची, पाहुण्याने नको म्हणायचं, घरच्यांनी आग्रह करायचा, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी जेवायला बसायचं. लोवेल नको म्हणालाच नाही. त्याचे डोळे भरून आले. त्याने इलारियाचे पिठाचे हात आपल्या हातांत घेतले. न्याहारी संपेपर्यंत मिशनमधले चौघे दांडगे गडी आले आणि फळ्या खाली उतरल्या.

"आजी, सांग ना त्याला!" मिर्ना कुजबुजली.

"काय सांगू? दिलेलं परत मागू?"

"आजोबा जीव घेतील आपला."

"घेऊ देत. पुरायला लाकूड नाही म्हणावं."

शनिवारी अनाक्लेतो परतला, तर गल्लीत जो तो त्याचा हात हातात घेऊ लागला. "मोठं मन तुझं!" न्हावी म्हणाला. पाळक तर त्याला मिठी मारून थेट चर्चमध्येच घेऊन गेले. तीस वर्षांत अनाक्लेतोने त्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

पुढच्या रांगेत नवं लांबलचक बाक होतं. रंगावरून त्याने लाकूड ओळखलं. पाठीवर त्याचं नाव कोरलं होतं.

"मरणाचं वर्ष तेवढं घालायचं राहिलं," तो म्हणाला.

"सांधे बघा," लोवेल मिर्नामार्फत सांगत होता. "सरस भरलाय. शंभर वर्षं निघणार नाहीत. आवडलं का?"

अनाक्लेतोने सांधे पाहिले. मग त्या उंच म्हाताऱ्याचे लाल झालेले डोळे पाहिले. "छान झालंय," तो म्हणाला, आणि त्याला खोकल्याची उबळ आली.

मिशनची गाडी त्याने डोंगर उतरू दिली. मग भडकला. "सतरा वर्षं वाळवलेलं लाकूड! आता मला काय गोणपाटात घालणार?"

"तुम्हाला घालायला कोणीतरी असेल," इलारिया म्हणाली. "मला कशात घालणार होता?"

"तुला?"

"आठ फळ्या. एकाचीच पेटी. सतरा वर्षं ती खोली झाडताना मोजल्यात मी. अहो, त्या दिवशी तोंडातून निघालं ते रीतीने निघालं. पण उतरवताना मी अडवू शकले असते. नाही अडवलं."

अनाक्लेतोने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. दुसऱ्या सकाळी तो कुऱ्हाड घेऊन डोंगरावर गेला आणि दोघांच्या कवेत न मावणारं सिडारचं झाड हेरून आला. महिन्याभराने वाशांवर सोळा फळ्या चढल्या.

रविवारी तो चर्चला जाऊ लागला. लाकडावर कोणी पोरं चाकू चालवतात का ते बघायला, असं तो म्हणे. पाळकांनी मिशनला कळवलं, की एक आत्मा प्रभूच्या चरणी आला. तिकडून अभिनंदनाचं पत्र आलं.

पुढच्या वर्षी नवे पाहुणे आले. त्यांतल्या एकाने खाटेवर पडल्या पडल्या वर पाहिलं आणि तोंड उघडलं. "किडकं आहे," अनाक्लेतो आधीच म्हणाला. "हात लावू नका, अंगावर भुसा पडेल."

लोवेल २००० साली त्याच्या गावी वारला. इलारिया १९ ऑगस्ट २००३ ला, मंगळवारी सकाळी वारली. तिच्या वाट्याच्या आठ फळ्या अनाक्लेतोने स्वतः खाली उतरवल्या. लाकूड चांगलं वाळलं होतं.