एका पोरीची तीन नावं

व्हाइटफील्डच्या ऑफिसात दिवसभर शुभंकरला जो तो विचारी, "सर, हे करू की ते?" संध्याकाळपर्यंत डोक्याचा पार भुगा होई. त्यातच ऑफिसात एका बाईंचं व्याख्यान झालं: सतत निर्णय घेऊन मेंदू थकतो, तेव्हा किरकोळ गोष्टी दुसऱ्यांवर सोपवा. शुभंकरला ते इतकं पटलं की घरात पाऊल टाकलं की तो फक्त "चालेल" म्हणू लागला. भाजी कुठली? चालेल. पडदे निळे? चालेल. संसार मोठा सुखाचा झाला.

लेकीचं बारसं जवळ आलं. बायको आर्या म्हणाली, "संहिता नाव ठेवूया?"

"चालेल."

बहीण संध्याने इंदिरानगरहून फोन केला. "दादा, अंजली कसं वाटतं?"

"चालेल गं."

सासूबाईंनी हळूच आपल्या आईचं, पद्मावती हे नाव सुचवलं. जावई तोंडभर हसून "चालेल" म्हणाले.

बारशाला हॉलवर तिघीही आपापल्या पसंतीचं नाव कोरलेली चांदीची वाटी घेऊन हजर!

"म्हणजे तू मनापासून हो म्हणालाच नव्हतास?" आर्याचे डोळे भरले. "ऑफिसातल्या फालतू गोष्टींवर तासन्‌तास बोलतोस. पोरीच्या नावासाठी एक मिनिट नाही?"

शुभंकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाव सांगायला आत्या म्हणून संध्या पाळण्यावर वाकली आणि तशीच थांबली. "दादा, नाव तूच सांग. आत्ताच्या आत्ता!"

एकीचं घेतलं तर दोघी रुसणार. शुभंकरने नजर चुकवून इकडेतिकडे पाहिलं, घाम पुसला आणि ठामपणे म्हणाला, "सुप्रीता!"

संध्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. सासूबाई हसल्या. आपलं नाही तर नाही, पण दुसरीचंही नाही, म्हणून सगळ्या खूश. आर्या तर विरघळलीच.

"स्वतः शोधलंस? मग आधी बोलला का नाहीस?"

शुभंकर नुसता लाजला.

पंगत बसली. वाढायला उठलेली आर्या बिसीबेळे भाताच्या पातेल्यापाशी थबकली. पातेल्यावर लाल रंगात ठळक लिहिलं होतं: सुप्रीता केटरर्स. चिडावं की हसावं तिला कळेना. पण नाव एव्हाना आवडून गेलं होतं. मान खाली घालून जेवणाऱ्या नवऱ्यापाशी ती भात घेऊन आली आणि कानाशी वाकली.

"नशीब आपलं! शेजारच्या भाड्याच्या पातेल्याकडे पाहिलं असतंस, तर पोरीचं नाव 'भीमाचार्य अँड सन्स' पडलं असतं."