दगडोबाने कवठ खाल्लं

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही होतं. झाडं होती, ओढा होता, ओढ्यात मासे होते. नव्हता तो फक्त निवांतपणा. कारण त्या जंगलाला कवठफेकीचं वेड लागलं होतं.

कवठफेक म्हणजे काय, ते आधी ऐका. एक अलीकडचा संघ, एक पलीकडचा. मधे ओढ्याकाठचं माळरान. वानराने कवठ हातात घ्यायचं आणि लांब फेकायचं. काळविटाने धावत जाऊन ते शिंगांच्या बेचक्यात झेलायचं आणि समोरच्या वारुळापर्यंत न्यायचं. समोरच्यांनी काय करायचं? कवठ सुटण्याआधीच वानराला आडवं करायचं. आणि वानर आडवा होऊ नये, म्हणून त्याच्यापुढे पाच धिप्पाड जनावरं उभी करायची. या पाचांना म्हणत भिंत.

भिंतीने कवठाला शिवायचं नाही, असा नियमच होता. चुकून जमिनीवर पडलं, तर मात्र कोणीही उचलावं.

आपला दगडोबा या भिंतीतला. दगडोबा जातीचा गवा. अंगाने थोर, स्वभावाने गरीब. पण भिंतीत जागा मिळवायला त्याला फार यातायात करावी लागली.

निवडीच्या दिवशी जंगलभरची जनावरं माळावर जमली होती. एकेकाला धाववून, उड्या मारायला लावून, दात मोजून घेण्यात आलं. दोनशे जनावरं निवडली गेली. त्यात एक कासवसुद्धा होतं. दगडोबाचं नाव काही निघालं नाही. सगळे पांगले तरी तो तिथेच उभा राहिला. जायचं कुठे, हे त्याला सुचेना.

अलीकडच्या संघाचे शिक्षक होते तरसगुरुजी. ते निघता निघता थांबले.

"तू अजून इथेच?"

"हो गुरुजी."

"जरा बाजूला हो. मला वाट पाहिजे."

दगडोबाला बाजूला व्हायचं होतं, पण तो इतका घाबरला होता की त्याचे पाय हलेनात. गुरुजींनी त्याला ढकललं. खांद्याने रेटलं. चार पावलं मागे जाऊन धडक मारली आणि स्वतःच बसले खाली.

"हं," गुरुजी धूळ झटकत म्हणाले. "उद्यापासून येत जा. रोज किती खातोस?"

"पोट भरेपर्यंत."

"तिथेच चुकतं तुझं. पोट भरल्यावरही खायचं. तू जनावर नाहीस आता. तू भिंत आहेस."

मग दगडोबा खात सुटला. पहाटे गवत, दुपारी बांबूचे कोंब, संध्याकाळी पुन्हा गवत. भूक नसताना खाणं हे भूक असताना न खाण्यापेक्षा अवघड असतं, हे त्याला तेव्हा कळलं. पावसाळा संपेपर्यंत तो दीडपट झाला. गुरुजींनी त्याला भिंतीच्या डाव्या टोकाला उभं केलं.

डावं टोक म्हणजे साधं काम नव्हे. अलीकडच्या संघाचा वानर होता रंगराव. रंगराव उजव्या हाताने फेकायचा. फेकताना अंग उजवीकडे वळायचं, म्हणजे डावीकडून कोण येतंय हे त्याला मुळीच दिसायचं नाही. ते दगडोबाने पाहायचं. आणि डावीकडून यायचं पलीकडच्या संघाचं अस्वल, झिपरोबा. झिपरोबाची नखं वीतभर होती आणि धाव दरड कोसळावी तशी.

पहिल्याच सामन्यात झिपरोबा आला आणि दगडोबावर आदळला. दगडोबाला दिवसा काजवे दिसले. पण झिपरोबा पलीकडे काही गेला नाही. रंगरावाने कवठ फेकलं, काळविटाने झेललं, माळ दुमदुमला.

"काय फेकलंय रंगरावांनी! काय झेललंय काळविटाने!" सावरीच्या शेंड्यावरून मिठाराम पोपट ओरडत होता. सामन्यात काय चाललंय, हे तो सगळ्या जंगलाला ऐकवायचा. ज्यांना माळावर येणं जमत नसे, ते आपापल्या जाळीत बसून कान देत.

दगडोबाची आई अशांपैकीच एक. तिची नजर गेली होती, गुडघे गेले होते. कान मात्र शाबूत होते. ती करवंदीच्या जाळीत बसून मुलाचं नाव कधी येतंय याची वाट पाहायची.

संध्याकाळी दगडोबा घरी आला.

"दगड्या, आज खेळवलं नाही का रे तुला?"

"खेळलो की, आई. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"मग नाव नाही आलं ते?"

पुढच्या सामन्यात मात्र दगडोबाचं एक पाऊल कवठ सुटण्याआधीच पुढे पडलं. अशा चुकीला शिक्षा म्हणून संघाला दहा पावलं मागे सरावं लागे. मिठाराम किंचाळला, "दगडोबा! दगडोबाने घात केला! अरे दगडोबा, हे काय केलंस!"

त्या दिवशी दगडोबा मान खाली घालून घरी आला. आई जाळीच्या तोंडाशीच उभी होती. तिचा चेहरा फुलून आला होता.

"तीनदा आलं रे नाव! तीनदा! शेजारच्या सांबरीणबाईंनीही ऐकलं."

तर मुलांनो, असं चाललं होतं. दगडोबा चांगला खेळला की आई उदास. चुकला की आई खूश. आणि पंचाईत अशी की दगडोबा फार चांगला खेळायला लागला होता. दुसऱ्या वर्षी त्याचं नाव चारदा आलं. पाचव्या वर्षी एकदा. सहाव्या वर्षापासून ते बंदच झालं.

बारा वर्षं गेली. रंगराव वानर थोर झाला. त्याच्या नावाने ओढ्याचा एक डोह ओळखला जाऊ लागला. तो मनाने वाईट नव्हता हं. दर वर्षी सामने संपले की तो भिंतीतल्या पाचांना केळीचा एकेक घड द्यायचा आणि म्हणायचा, "तुमच्यामुळेच आहे हो सगळं." हे तो हळूच म्हणायचा. मिठाराम जवळ नसताना.

दगडोबाचं डावं शिंग तुटलं. दोन बरगड्या मोडल्या. उजवा गुडघा तर इतका कामातून गेला की सकाळी उठताना त्यातून वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज यायचा. जंगलाचे वैद्य होते साळिंदर. ते आपलाच एक काटा उपटत आणि गुडघ्यात टोचत.

"दुखतंय?" वैद्य विचारत.

"फार."

"छान. म्हणजे पाय अजून तुझाच आहे. उद्या खेळ."

तेराव्या वर्षी, शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तरसगुरुजींनी त्याला बोलावलं. गुरुजींच्या शेजारी एक तरणाबांड गेंडा उभा होता. कातडी कशी, चिलखतच.

"दगडोबा," गुरुजी म्हणाले, "तुझ्याविषयी मला फार आदर आहे."

दगडोबाला कळलं. तेरा वर्षांत गुरुजींनी आदर हा शब्द काढला नव्हता.

"उद्याचा सामना तेवढा खेळ," गुरुजी म्हणाले. "मग आराम कर. तुला आवडतं ना गवत?"

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल माळावर लोटलं. माघ सरत आला होता. कवठ आता चांगलं पिकलं होतं. दोन्ही संघ बरोबरीत होते. सूर्य डोंगराला टेकला आणि घुबडपंचांनी शेवटची फेक जाहीर केली.

रंगराव मागे सरला. झिपरोबा आला. दगडोबाने त्याला छातीवर घेतलं. गुडघा कुरकुरला, मग ओरडला, पण दगडोबा हलला नाही. इतक्यात उजव्या टोकाचा रानडुक्कर घसरला. तिकडून पलीकडचा कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, आत घुसला, त्याने रंगरावाच्या हाताला हिसडा दिला आणि कवठ सुटलं. ते एका दगडावर आपटलं, त्याला बारीक चीर गेली आणि घरंगळत घरंगळत ते थेट दगडोबाच्या पुढ्यात येऊन थांबलं.

वारूळ समोर दहा पावलांवर होतं. मधे कोणीही नव्हतं.

"उचल!" रंगराव जमिनीवरून ओरडला.

"पळ, गाढवा, पळ!" गुरुजी ओरडले.

दगडोबाने कवठ तोंडात धरलं. तेरा वर्षांत पहिल्यांदाच. ते एवढं जड असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला गुडघ्याने साफ नकार दिला आणि दगडोबा पुढच्या दोन्ही पायांवर खाली बसला. बसताना त्याचा जबडा दाबला गेला. करवंटी फुटली. आंबटगोड गर त्याच्या जिभेवर पसरला.

सगळा माळ स्तब्ध झाला. झिपरोबासुद्धा थबकला.

दगडोबाला सगळं दिसत होतं. वारूळ दिसत होतं. तोंड वर करून उभा असलेला काळवीट दिसत होता. अजूनही रांगत सात-आठ पावलं जाता आलं असतं. त्याने जायचं मनातही आणलं. पण तोंडातला तो वास त्याच्या डोक्यात भिनला होता. दर वर्षी, दर सामन्यात, हा वास त्याच्या पाठीमागून, हातभर अंतरावरून येत आला होता, आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

दगडोबाने डोळे मिटले आणि चावायला सुरुवात केली.

"दगडोबा!" मिठाराम भानावर येऊन किंचाळला. "दगडोबा कवठ खातोय! दगडोबा, अरे दगडोबा! दगडोबाने बिया पण खाल्ल्या! दगडोबाने करवंटी चाटली!"

घुबडपंचांनी नियम आठवून पाहिले. कवठ खाल्लं तर काय, असा नियमच नव्हता. पण कवठच उरलं नाही, तर फेकणार काय? सामना पलीकडच्यांना दिला गेला. अलीकडच्या संघाने तेरा वर्षांत एवढा मोठा पराभव पाहिला नव्हता. तरसगुरुजी पहिल्यांदाच खरे रडले. रंगराव दगडोबाकडे नुसता बघत राहिला आणि झाडावर चढला.

दगडोबा लंगडत घरी पोचला तेव्हा दिवस मावळून गेला होता. वाटेत त्याने आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव केली होती. तिने बोलूच दिलं नाही.

"बेचाळीस वेळा!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मी मोजली रे. रंगरावाचं नाव अकराच वेळा आलं."

दुसऱ्या दिवसापासून गंमत झाली. जंगलात दुसरा विषयच नाही. आधी सगळे दगडोबाला शिव्या देत होते. आठवड्याने हसायला लागले. महिन्याभरात त्यांना त्याचं कौतुक वाटू लागलं. "शेवटच्या फेकीला कवठ खायचं म्हणजे जिगर पाहिजे," असं ससे एकमेकांना सांगू लागले. नव्या पाणवठ्याला पहिलं तोंड लावायला दगडोबाला बोलावलं गेलं. त्याला बघायला झुंडी येऊ लागल्या. कोणी गुडघ्याबद्दल विचारत नसे. डाव्या टोकाबद्दलही नाही. "चव कशी होती?" एवढंच विचारत. दगडोबा सांगायचा. रोज सांगून सांगून ते कवठ दिवसेंदिवस गोड होत गेलं.

इकडे पुढच्या वर्षी तो चिलखती गेंडा डाव्या टोकाला उभा राहिला. पहिल्याच सामन्यात झिपरोबा त्याला वळसा घालून गेला आणि रंगराव दोन महिने साळिंदरांच्या काट्यांवर पडून होता. पण यात काही कार्यकारणसंबंध असेल, असं कोणाला वाटलं नाही.

एका दुपारी दगडोबा आईजवळ बसला होता, तेव्हा जाळीपाशी काळी सावली पडली. झिपरोबा आला होता. त्याचाही खांदा एका बाजूला झुकला होता. तो दारातच घोटाळला.

"कोण आहे रे?" आईने विचारलं.

"मी झिपरोबा, मावशी. पलीकडच्या संघातला. ह्याचा शत्रू."

"मग बाहेर का उभा? आत ये, बस."

झिपरोबा बसला. दगडोबाने त्याच्यापुढे बांबूचे कोंब सरकवले. मग आईनेच विचारलं, "तू तर जवळून पाहिलंस. माझा दगड्या खेळायचा कसा रे? कवठ सोडून सांग."

झिपरोबाने पंजा चाटला.

"मावशी, तेरा वर्षं मी ह्याच्या अंगावर आदळलो. दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा. पलीकडे एकदाही गेलो नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. गेलो असतो, तर मिठारामाने ह्याचं नाव घेतलं असतं."

आईने चाचपडत मान पुढे केली आणि दगडोबाच्या तुटक्या शिंगाला हुंगलं. मग कितीतरी वेळ ती मनातल्या मनात मोजत बसली. सगळे न उच्चारलेले दगडोबा तिला पुन्हा पहिल्यापासून मोजायचे होते.

हे तिघांचं बोलणं जंगलात कोणालाच ऐकू गेलं नाही. मिठाराम तेव्हा पेरू खायला गेला होता.

तात्पर्य: मुलांनो, आपलं काम इतकं चोख करावं की आपण आहोत हे कोणाला कळूही नये. मात्र कळावं अशी इच्छा असेल, तर एकदा तरी भर मैदानात सगळ्यांचं नुकसान करावं. लोक ते कधी विसरत नाहीत, आणि काही दिवसांनी हार घेऊन येतात.