राखेचे हात

घासलेली भांडी पुन्हा घासणारा माणूस आमच्या भुईगावात एकच आहे, आमचे शेजारी वामनभाऊजी. सून भांडी साबणाने लखलखीत करून पालथी घालते आणि विरारला कामावर जाते. ती गेली की भाऊजी तीच भांडी विहिरीजवळ नेतात, उकिडवे बसतात आणि राखेने घासतात. मासेवाली जाता जाता विचारते, "आमची पन देऊ का घासायला?"

हा माणूस मुंबईच्या कॉलेजात प्रोफेसर होता. विहिरीजवळ त्यांची जुनी दगडी दोण आहे, गुरांना पाणी पाजायची. गुरं गेल्यावर तिच्यात त्यांनी तपकिरी बुळबुळीत थर पोसला. कुणी बोट लावलं की ओरडायचे, "वस्ती आहे तिथे!"

मी चौथी शिकलेली. एकदा त्या थराचा ठिपका काचेवर ठेवून त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलं. आत काचेच्या डब्या, चाळणीसारखी बारीक नक्षी. म्हणाले, "हे डायटम. थंड पाण्यात बसून स्वतःभोवती काचेचं घर बांधतात."

"बांधतं कोण?"

"प्रोटीन."

"डाळीतलं?"

"त्याच जातीचं. पाण्यात विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, गोळा करून थर लावतं. गवंडी समजा. आणि हा गवंडी भिंतीतच राहतो."

"मग दाखवा की."

"तिथेच तर अडलंय, वहिनी. नक्षी स्वच्छ बघायची तर आम्लात उकळावं लागतं, गवंडी जळतो. गवंडी काढायचा तर काच विरघळवावी लागते, घर जातं."

याच्यापायी जन्म घालवला. लग्नात गवंडी, मयताला गवंडी. एका लग्नात नवरदेवाच्या मामाने सगळं ऐकून घेतलं आणि वालीवला गाळा बांधायचा दर विचारला.

त्यांची बायको मंदा पाणी तापवायच्या चुलीत भाताचं तूस जाळायची. त्या राखेने भांडी घासायची आणि राखेचे हात दोणीत बुचकळायची. भाऊजी खेकसायचे, "मंदा, पाणी नासवतेस माझं!"

"तुमच्या वस्तीला आंघोळ घालते," म्हणायची आणि पुन्हा बुचकळायची. मी असते तर नवऱ्यालाच बुचकळलं असतं.

मागच्या वर्षी मंदा गेली. सुनेने चूल मोडून गीझर बसवला. हळूहळू दोणीतला तपकिरी थर गेला आणि पाणी हिरवंगार झालं. भाऊजी रोज पाणी तपासत बसायचे. मग एक दिवस माझ्या अंगणात आले.

"वहिनी, तुसाची राख आहे?"

"कशाला?"

"तुसात सिलिका ठासून भरलेली असते. दोणीतली संपली, डायटम गेले, हिरवं शेवाळ माजलं. इतकी वर्षं ती सिलिका मंदाच्या राखेच्या हातांनी पडत होती." खाली बघत राहिले. "मी गवंडी शोधत बसलो. माल कोण पुरवतंय ते बघितलंच नाही. वर तिच्यावरच ओरडलो."

"तिला तरी कुठे ठाऊक होतं?"

"तेच ना. आता सांगू कुणाला?"

मी पाटीभर राख दिली. म्हटलं, "दोणीत ओता नि मोकळे व्हा."

"नको. ती करायची तसंच करतो."

दोण अजून हिरवीच आहे. कडेला तपकिरी झाक आली म्हणतात. मला दिसत नाही.

काल भाऊजी कढई घासून पालथी घालत होते. मी कुंपणावरून म्हटलं, "भाऊजी, कढईच्या कानाखाली काळं राहिलंय. मंदा अशी ठेवायची नाही."

त्यांनी कढई पुन्हा पुढ्यात ओढली. राख घेऊन घासली. मग दोन्ही हात दोणीत बुचकळले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.