सहाशे अकरा वेळा ‘बस’

खुर्चीवरून न उठता लोकांचं भलं करता येतं, असं माझं ठाम मत होतं. वीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर शिक्के मारल्यावर ऑफिसने मला अभ्यासरजा दिली आणि मी डेटा सायन्स आणि सार्वजनिक धोरण या विषयात एम.ए.ला नाव घातलं. वर्गातली मुलं माझ्या भाच्यांच्या वयाची. शेवटच्या प्रकल्पात पास झाले तर नव्या धोरण विभागात बदली, नाही तर पुन्हा तेच टेबल आणि तोच शिक्का!

प्रकल्पासाठी मी आमच्या सरकारी दवाखान्याच्या तक्रारपेटीतल्या अठराशे चिठ्ठ्या घेतल्या. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, “आधी शंभरेक तरी वाचून बघा.” मी मनात म्हटलं, वाचायच्याच होत्या तर एवढं शिकले कशाला? चिठ्ठ्या टाइप करून घेतल्या आणि प्रोग्राम लिहिला. त्याने शब्दाचं शेपूट छाटायचं आणि मूळ शब्द मोजायचा. ‘बसने’, ‘बसची’, ‘बसला’, सगळं एकच.

निकाल आला. सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द ‘बस’. सहाशे अकरा वेळा!

मला वाढवलं ती माझी आत्या माझ्याकडेच राहते. तिला म्हटलं, “दवाखान्याला बस हवी, सिद्ध झालं.”

“अगं, दवाखाना तर भरवस्तीत आहे. सगळे चालतच येतात.”

“आत्या, एकट्या तुझ्यावरून धोरण ठरत नाही. तू फक्त एक नमुना आहेस.”

“नमुना मी?” आत्या म्हणाली आणि गुडघ्याला तेल चोळायला लागली.

वाहतूक विभागाच्या साहेबांकडे एक जुनी बस नुसती पडून होती. त्यांना माझी आकडेवारी फारच आवडली. महिनाभर बस चालवून बघू म्हणाले. बाई म्हणाल्या, “मग त्या महिन्याच्या अहवालावर तुमचे गुण.”

आठव्या दिवशी ड्रायव्हरचा फोन आला. “ताई, आठवड्यात एक कुत्रं चढलं. तेही पुढच्या थांब्यावर उतरलं.”

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पिशवीत कोंबून दवाखाना गाठला. बघते तर बस दारातच उभी, आणि गच्च भरलेली! जिवात जीव आला. आनंदाने आत चढले. खिडकीशी आत्या.

“आत्या! कुठे निघालीस?”

“कुठे निघतेय? माझा नंबर त्रेचाळीस. आत्ता कुठे एकोणीस चाललाय.”

दवाखान्याच्या दारातून नर्स ओरडली, “वीस!” मागच्या सीटवरचे आजोबा काठी टेकत उतरले.

ड्रायव्हर म्हणाला, “काल तुम्हाला फोन केल्यावर पाय दुखतात म्हणून एक आजी चढल्या. आज सगळेच आले. निघतो म्हटलं की उतरायला लागतात, म्हणून मी आपला निघतच नाही.”

मी आत्याशेजारी बसले आणि पहिल्यांदाच चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. ‘बसायला जागा नाही.’ ‘तीन तास उभी, कुठे बसू?’ ‘खाली बसलं तर उठवत नाही.’ ‘आता बस झालं!’ माझ्या प्रोग्रामने सगळ्यांची शेपटं इमानदारीने छाटली होती. आणि एक चिठ्ठी ओळखीच्या अक्षरातली, ‘निदान दोन बाकं बसवा. आमची भाची फार शिकते आहे, तिलाही सांगून बघते.’

“मला का नाही सांगितलंस गं?” मी चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

“दोनदा सांगितलं. तू कॉम्प्युटरला विचारत होतीस.”

अहवालात मी सगळं खरं लिहिलं. शिफारस एका ओळीची, ‘बस नको, बाकं हवीत.’ दवाखान्याने चाळीस बाकं मंजूर केली आणि ती येईपर्यंत बस दारातच उभी करायचं ठरलं. साहेब खूश, बस कामी लागली. आत्या तर सगळ्यांत खूश. खिडकीची जागा तिने कायमची धरली.

शेवटच्या सादरीकरणाला मी सगळ्यांसमोर उभी होते. बाईंनी अहवाल मिटला. “प्रोग्राम नापास,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पास. बस!”

मी झटकन खाली बसले.

“अहो,” बाई म्हणाल्या, “‘पुरे’ या अर्थाने म्हटलं.”