तिरक्या टाईपातली नोटीस

अक्षर देखणं असलं की शिवीसुद्धा गोड लागते, असं मी तरुणपणी छातीठोकपणे सांगत असे. मामांच्या छापखान्यात मी जुळारी होतो. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे आणि काळ्या बोटांनी चहा प्यायचा. तो शाईचा वास अजून नाकातून गेलेला नाही.

आमच्याकडे एक तिरका टाईप होता. काय त्याचा डौल! जाड रेघ भरदार, बारीक रेघ मामांच्या सहनशक्तीइतकी बारीक, आणि सगळी अक्षरं अशी झुकलेली, जणू दारात उभी राहून "या, या, उशीर केलात!" म्हणताहेत.

"हा फक्त लग्नपत्रिकांना," मामांनी बजावलं होतं. "बाकी कशाला लावलास, तर तुलाच वितळवीन!"

मामा परगावी गेले आणि त्याच दिवशी घरमालकीणबाई जिना उतरून आल्या. तळमजल्यावर छापखाना, सगळ्यांत वर बाई, मध्ये आम्ही भाडेकरू. बाई हसल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"नोटीस हवी. रविवारी सकाळी दहाला सर्वांनी माझ्या दारी हजर राहावं. त्या दिवसापासून गच्चीला कायमचं कुलूप. सबबी चालणार नाहीत. घरटी एक प्रत वाट."

गच्ची गेली तर उरलं काय? मामीचे कपडे तिथे वाळत, पोरं अभ्यासाच्या नावाखाली तिथे झोपत, आणि भांडायला तेवढी ऐसपैस जागा दुसरी नव्हती!

पण छापणं भाग होतं. साधे खिळे पाहावेत, तर सगळे एका जाडजूड अहवालात अडकलेले! त्याची जुळवलेली पानं दोरीने बांधून तपासणीची वाट पाहत पडली होती. ती सोडली असती, तर मामांनी मला सोडलं नसतं. उरला तिरका. म्हटलं, वाईट बातमी निदान चांगल्या कपड्यांत जाऊ दे!

रविवारी बाईंच्या जिन्यावर पाहतो तो काय! मास्तर कोट घालून, शिंपीणकाकू हातात फुलं घेऊन, आणि मागे आमची मामी, नवा कोरा कपबशांचा सेट सांभाळत!

"मामी, अगं, वाचलंस का?"

"वाचलं की! रविवार, दहा, बाईंच्या दारी. पत्रिकेत आणखी काय वाचायचं असतं?"

"पण कार्य कसलं?"

"गेल्यावर कळेलच. आगाऊपणा करू नकोस, हे धर!"

दार उघडलं. बाई उभ्या, हातात नारळाएवढं कुलूप.

"अभिनंदन!" मास्तर गरजले.

"कशाबद्दल?"

"ते... आता आपणच सांगायचं!"

शिंपीणकाकूंनी फुलं पुढे केली. बाईंनी ती घ्यायला हात रिकामा हवा म्हणून कुलूप माझ्याकडे दिलं. तक्रारीखेरीज त्या दाराशी कित्येक वर्षांत कोणी आलं नव्हतं. बाई फुलांकडे पाहतच राहिल्या.

"आत या," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा."

नव्या कपांतून तीन वेळा चहा झाला. गच्चीचं नाव बाईंनी काढलं नाही, आणि आम्ही काढण्याइतके खुळे नव्हतो.

सोमवारी मामा माझा कान धरून उभे असताना बाई छापखान्यात आल्या.

"पुढच्या रविवारचीही छापा. हाच टाईप."

"मजकूर?" मी कानासकट विचारलं.

"लिही काहीही. वाचतंय कोण!"

हे ऐकूनही मी पुढे लेखक झालो, यात बाईंचा काहीच दोष नाही.