काशिनाथ आणि माझं मिटलेलं तोंड

आमच्या लालबागच्या चाळीत काशिनाथ परब नावाचा, गिरणीत मागावर काम करणारा एक साचेवाला राहायचा. बाकीची माणसं भेटली की 'जेवलास का', 'पाळी कुठली' असं काहीतरी विचारतात. हा हाताला धरून जिन्याखाली न्यायचा. तिथं भर दुपारीसुद्धा अंधार. मग गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि म्हणायचा, "आ कर."

समोर कोण आहे याचं त्याला काही नसायचं. पोस्टमन झाला, घासलेटवाला झाला, म्युन्सिपालटीचा डासांची फवारणी करणारा झाला. तो फवारणीवाला बिचारा नवीन होता. पंप खाली ठेवून त्यानं मुकाट्यानं तोंड उघडलं, वर डाव्या बाजूची किडकी दाढसुद्धा बोटानं दाखवली. त्याला वाटलं, चाळीनं दातांचा डॉक्टर ठेवलाय.

आता माझी ओळख सांगतो, कारण ह्या भानगडीत मी आहे. मी शाहीर. शाळा चौथीत सुटली, ती मीच सोडली. पण आवाज असा होता की परळच्या मैदानात उभा राहिलो तर लाउडस्पीकरवाला घरी जायचा. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज इथं सभा, उद्या तिथं मोर्चा, आणि सभेच्या आधी आमचा पोवाडा. पोवाड्याशिवाय पुढाऱ्याला कोण ऐकतो? हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

काशिनाथ आमच्या पथकाचा फोटोवाला. आम्ही नेमला नव्हता, तोच होता. प्रत्येक कार्यक्रमाला भात्याचा जुना कॅमेरा घेऊन पुढं बसायचा. आणि त्यानं काढलेल्या माझ्या प्रत्येक फोटोत माझं तोंड बंद.

चेष्टा नाही करत. हातात डफ, डोक्याला फेटा, छाती पुढं, आणि तोंड कुलूप लावल्यासारखं. एका फोटोत नाही, सगळ्या. माझा ढोलकीवाला धोंडू म्हणाला, "शाहीर, हे फोटो बघून सरकारला वाटंल, ह्यानं माफी लिहून दिली."

मी काशिनाथला विचारलं, "काय रे, मी गायला उभा राहतो का बडीशेप चघळायला?"

तो म्हणाला, "शाहिरा, तू थारावर नसतंस. सारखो नाचतंस. बत्तीच्या उजेडात माझ्या कॅमेऱ्याक टाइम लागता. तू हललंस की धूर येता."

ते मात्र खरं होतं. गातानाचे फोटो त्यानं काढले होते, त्यात फेट्याखाली धूर होता. त्या धुराच्या मागं कार्यक्रमाचे अध्यक्ष मात्र स्वच्छ आले होते, कारण ते झोपले होते.

म्हणून त्यानं अक्कल चालवली. पोवाड्यात शाहिराची ओळ संपली की मागचे झीलकरी 'जी जी रं जी' धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, क्षणभर जागच्या जागी उभा राहतो. काशिनाथनं माझे पोवाडे तोंडपाठ केले होते ते ह्याच्यासाठी. ओळ कुठं संपते, मी कुठं थांबतो, हे बघून तो बरोबर तेव्हा खटका दाबायचा. फोटो एकदम साफ. पण गाणं तेव्हा मागच्यांच्या तोंडात असायचं, माझ्या नाही.

"मग बल्ब लाव की," मी म्हटलं. लग्नात लावतात तसा.

बल्बाचं नाव काढलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. "बल्ब लावलो की माणूस गायचो थांबता आणि दचकता. माका दचकलेलो शाहीर नको. उजेड आसा रे. आपली काच कमी पडता."

हे त्याचं पालुपद. जिन्याखाली, मोरीत, दिवे गेल्यावर, कुठंही. 'उजेड आसा, आपली काच कमी पडता.' खोलीत काळोख गुडुप असला तरी ह्याला उजेड दिसायचा.

तरी एकदा मी हट्टाला पेटलो. ठाकूरद्वारच्या एका लग्नाच्या फोटोवाल्याकडून बल्बाची बत्ती मागून आणली आणि त्याच्या गळ्यात मारली. नायगावला सभा होती. मी ऐन चढावर असताना त्यानं खटका दाबला आणि तो बल्ब फाट्‌दिशी फुटला. गोळीबाराच्या त्या दिवसांत असा आवाज झाला की लोक मागं वळून बघत नसत, आधी पोरं उचलत. अर्धं मैदान उठलं. धोंडू ढोलकीमागं आडवा झाला. अध्यक्ष टेबलाखाली गेले, ते आभारप्रदर्शनालाच बाहेर आले. लोकांना परत खाली बसवायला मला दुसरा पोवाडा धरावा लागला. फोटो आला म्हणता? आला. त्यात मी कानावर हात ठेवून पळायच्या बेतात होतो. तोंड तेवढं उघडं होतं, पण तो काय सूर नव्हे. तो फोटो मी फाडला.

तेव्हापासून काशिनाथनं काच शोधायला घेतली. काचेच्या कडेला आकडा कोरलेला असतो. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यावर साडेचार होता, आणि त्याला हवी होती दोनच्या आतली. आकडा कमी तेवढी काच मोठी, असं तो सांगायचा. मी म्हटलं, "वेडा का खुळा? दोनपेक्षा साडेचार जास्ती, हे मला चौथीत कळत होतं." त्यानं मला समजावायचा पुष्कळ प्रयत्न केला. मला आजही पटलेलं नाही.

सुट्टीच्या दिवशी तो चोर बाजारात जायचा. एकदा मला घेऊन गेला. तिथं एक बोहरी चाचा जुने कॅमेरे विकायला बसायचा. लोक कॅमेरा उचलून उन्हात नेऊन बघत होते. आमचा काशिनाथ तो उचलून दुकानाच्या मागं, गोणपाटाच्या पडद्याआड नेत होता.

चाचा म्हणाला, "अरे मियाँ, सब लोग धूप में देखते हैं, तुम किधर घुसता है?"

"धूप में तो सब अच्छा दिखता है चाचा," काशिनाथ म्हणाला. "इधर आव. आ करो."

"क्या करूँ?"

"आ. गाना गाव."

चाचा आधी चिडला. मग इकडंतिकडं बघितलं, गिऱ्हाईक नव्हतं, आणि त्यानं आ केला. तिथंच न थांबता त्यानं डोळे मिटून चांगली लांब तान घेतली. पडद्याआडून काशिनाथ ओरडतोय, "हलू नका चाचा, हलू नका," आणि चाचा मान डोलावतोय. शेजारचे दुकानदार गोळा झाले. असे अर्धा डझन कॅमेरे बघून झाले, पण काशिनाथचं मन एका जर्मन कॅमेऱ्यावर बसलं. त्याची काच पेल्याच्या तोंडाएवढी होती. तो कॅमेरा परवडणार नाही हे काशिनाथला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, चाचाला तर दोघांच्या आधी ठाऊक होतं.

पण त्या तानेनं काम केलं. दोन-चार आठवडे फेऱ्या झाल्यावर चाचा म्हणाला, एका संध्याकाळपुरता ने. परत आणताना माझा फोटो आण, पण त्यात मी गात असलो पाहिजे.

त्याच आठवड्यात मी सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं होतं. परळच्या मैदानातला कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. किती महिने आत काढावे लागतील ते कुणाला माहीत? काशिनाथ म्हणाला, "म्हणजे आता हीच येक संध्याकाळ."

त्या संध्याकाळी मी स्टेजवर चढलो आणि बघतो तर काशिनाथ खडूनं फळीवर फुली मारतोय.

"हे काय?"

"हय पाय ठेव. हलू नको."

"म्हणजे?"

त्यानं समजावलं. काच मोठी असली की उजेड भरपूर येतो, पण तिचा पल्ला टीचभर. मी वीतभर पुढंमागं झालो की पुन्हा धूर.

माझं डोकं फिरलं. "काशिनाथ, मी शाहीर आहे का विजेचा खांब? माझा पोवाडा पायांत असतो. सगळं मैदान फिरतो मी तेव्हा लोक उठतात. फुलीवर उभं राहून श्लोक म्हणतात, पोवाडा नाही. उद्या मी आत जाणार, आणि आज तू मला बांधून घालतोस?"

"येकच चौक," तो म्हणाला. "घामाचो."

"अर्धाही नाही."

त्यानं खडू खिशात टाकला. माझ्याकडं बघेना. मग म्हणाला, "सरूसाठी रे."

सरूवहिनी म्हणजे त्याची बायको. आमच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत असायची, आणि दुसऱ्या दिवशी नळावर भेटली की माझा सूर कुठं घसरला ते सगळ्यांदेखत सांगायची. मग तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. त्यानंतर तिनं कार्यक्रमाला येणं सोडलं. हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"ती ओठ वाचता," काशिनाथ म्हणाला. "साचेखात्यात आमी सगळेच वाचतो. मशीनींच्या आवाजात कोण कोणाचा ऐकता? मीच शिकवलंय तिका. घरात कायव अडत नाय. पण मैदानात लांबसून, बत्तीच्या उजेडात, तुझे ओठ तिका दिसनत नाय. तुझे फोटो दाखवलंय. म्हणाली, ह्यो गप कित्याक? मी काय सांगू, पुढचा गाणा मागच्यांच्या तोंडात आसा म्हणून?"

मी फेटा नीट केला.

घामाचा चौक, म्हणजे ते कडवं, आलं तेव्हा मी फुलीवर उभा राहिलो. 'माझ्या घामाची ही मुंबई' अशी त्याची ओळ होती, माझीच बांधणी. पायांना सवय नव्हती, ते आतल्या आत नाचत होते. समोर काशिनाथ गुडघ्यावर, कोपरं बरगड्यांना दाबलेली, श्वास कोंडलेला. मी पुतळ्यासारखा उभा राहून गातोय म्हटल्यावर मैदान एकदम चिडीचूप झालं. मागून धोंडू पुटपुटला, "शाहीर, चक्कर येतीय का?" पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं, उद्या तुरुंगात जायचं म्हणून शाहिराचा पाय निघत नाही. पोवाडा संपल्यावर अध्यक्षांनी तसं भाषणातही सांगितलं. मी काय खोडायला गेलो नाही.

सकाळी चाळीच्या अंगणात तुकडी जमली. हार झाले, कुंकू झालं, घोषणा झाल्या. काशिनाथ कुठं दिसेना. मी वर त्याच्या खोलीवर गेलो.

फोटो धुवायला अंधार हवा म्हणून मोरीच्या दाराला लावलेली गोधडी अजून लटकत होती. दोरीवर चिमट्याला एक फोटो ओला. मी बघितला आणि आधी मला रागच आला. तोंड असं उघडलेलं की माझ्या पडलेल्या दाढेची जागा दिसत होती. गळ्याची शीर दोरीसारखी ताणलेली, कपाळावर घाम. मी गाताना इतका म्हातारा दिसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण धूर नव्हता. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

सरूवहिनी फोटोच्या पुढं उभी होती. तिनं माझ्या ओठांजवळ बोट नेलं, लावलं नाही. मग स्वतःचं तोंड तसंच उघडून बघितलं. दोनदा.

"घामाची," ती म्हणाली. ताप गेल्यापासून तिचा आवाज जरा मोठा लागायचा. "घा-वर काढलाय."

काशिनाथनं मान हलवली. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते.

"पुढचं म्हणा भावोजी."

मी मैदानात उभा राहतो तसा उभा राहिलो, डावा हात कानावर घेतला आणि आवाज लावला. सगळी चाळ दुमदुमली असेल. वहिनीनं मान हलवली. "हात तोंडाशी येतो. काही कळत नाही."

मी हात काढला आणि आणखी जोरात गायलो.

"ओरडू नको," काशिनाथ म्हणाला. "ओरडलंस की ओठ वाकडे होतत. साचेखात्यात कोण ओरडत नाय. आवाज सोड. सावकाश म्हण."

आवाज सोड! ज्या आवाजावर मी जगलो तो सोड म्हणतो. दुसरा कुणी असता तर मी त्याला डफ हाणला असता.

मी खिडकीपाशी गेलो, तोंडावर ऊन येईल असा उभा राहिलो, आणि आवाज न काढता तो चौक पहिल्यापासून म्हणायला लागलो. एक एक अक्षर. ओळ संपली तिथं मी थांबलो, आणि बाजूनं काशिनाथनं 'जी जी रं जी' धरलं, तेही नुसत्या ओठांनी. वहिनी एकदा माझ्या तोंडाकडं बघायची, एकदा त्याच्या. मांडीवर तिनं बोटांनी ठेका धरला होता. एका ठिकाणी मी घाई केली, तेव्हा तिनं बोट उचलून मला थांबवलं, आणि ती ओळ पुन्हा म्हणायला लावली. मी म्हटली.

खालून 'शाहीर, चला, शाहीर, उशीर होतोय' अशा हाका पडत होत्या म्हणे. धोंडू नंतर सांगत होता, घसा बसला त्याचा. आम्हा तिघांपैकी कुणालाच ऐकू आल्या नाहीत.